आईला 'सगळं ठीक आहे' असंच सांगत राहू का?

पत्र: मी किर्गिझस्तानात, बिश्केकमध्ये एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. त्या रात्री आम्ही चौघं फ्लॅटचे दिवे मालवून बसलो होतो आणि घरमालकीण, जिला आम्ही एजे (ताई) म्हणतो, खाली दारात उभी होती. घरी मात्र 'आमच्या भागात काहीच नाही' असं सांगितलं. गेल्या महिन्यात मार्शरुत्कात, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, दोघांनी मला सीटवरून उठवलं, 'घरी जा' म्हणाले आणि उतरताना पाठीत ढोसलं. मी काहीच बोललो नाही, याची लाज वाटते. तेव्हापासून जिन्यात पावलं वाजली की जाग येते. आईला बीपी आहे, बाबांनी कर्ज काढलंय. सांगितलं तर परत बोलावतील. काय करू?

प्रिय मुला,

आधी त्या लाजेचं बघू. भरलेली गाडी, दोघं अंगावर आलेले, तुझी रशियन कामापुरती आणि बाकीचे प्रवासी खिडकीबाहेर बघतायत. अशा वेळी गुमान उठून उतरून जाणं यात कमीपणा कसला? तू उलटून बोलला असतास तर कोणीतरी मोबाइल काढला असता आणि नेमका तुझाच चढलेला आवाज गावभर फिरला असता. २०२४ चं प्रकरण असंच पेटलं होतं. हॉस्टेलवर स्थानिक आणि परदेशी मुलांची मारामारी झाली १३ मेला. तिचा व्हिडिओ पसरला आणि १७ मेच्या रात्री जमाव रस्त्यावर उतरला. त्या भांडणात इजिप्तची मुलं होती असं सांगितलं गेलं, पण मार खाल्ला तो पाकिस्तानी मुलांनी आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या बाकीच्यांनी. बाहेरून आलेल्या मजुरांवरचा राग आधीपासून धुमसत होता. जमाव कुणाचा पासपोर्ट बघत नाही, आणि मजूर कोण, विद्यार्थी कोण, हेही विचारत नाही. त्यामुळे 'मी काही वेगळं करायला हवं होतं का' हा हिशेब मांडत बसू नकोस.

आता घरचं. सांग. या आठवड्यातच सांग.

आईच्या बीपीची काळजी मला समजते. पण तू गप्प राहिल्याने तिला कळायचं थांबणार नाही, ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून कळेल. २०२४ मध्ये विद्यार्थी मारले गेल्याच्या अफवा उठल्या होत्या. किर्गिझ सरकारने आणि पाकिस्तानच्या दूतावासाने त्या नाकारल्या, पण तोवर त्या घरोघरी पोचल्या होत्या. ज्या आईला मुलगा रोज 'ठीक आहे' एवढंच सांगतो, तिने अशा रात्री कोणाचं खरं मानायचं? तुझ्या 'ठीक आहे'ला तेव्हा काही किंमत उरलेली नसते. आज एक वाईट गोष्ट खरी सांगितलीस, तर उद्याची चांगली बातमीही तिला खरी वाटेल.

शिवाय घरच्यांना माहीत असण्याचा रोकडा उपयोग आहे. तुझ्या फ्लॅटचा पत्ता त्यांच्याकडे रशियन लिपीत आहे का? एजेचा नंबर? बिश्केकच्या भारतीय दूतावासाचा नंबर? तुझा फोन बंद पडला तर याच तीन गोष्टी त्यांच्या हातात असतील. हे सगळं एका कागदावर लिही, फोटो काढ आणि पाठव. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नाव नोंदवलं नसशील तर तेही उरकून टाक.

सांगायचं कसं? मेसेज करू नकोस, तो फॉरवर्ड होतो. सुट्टीच्या दिवशी, दिवसाउजेडी, आईबाबा दोघं एकत्र असताना व्हिडिओ कॉल कर. चेहरा दिसला की निम्मी धास्ती कमी होते. पहिलं वाक्य, 'मला काही लागलेलं नाही.' मग मार्शरुत्काची गोष्ट, वाढवू नकोस आणि गाळूही नकोस. मग तू काय केलंस आणि पुढे काय करणार आहेस. शेवटी मागणी: 'हे तुमच्यापाशीच ठेवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.' दिवे मालवल्याची रात्रही त्याच फोनमध्ये सांगून टाक. ती पुढेमागे एखाद्या मित्राच्या तोंडून निघालीच, तर तू आणखी काय काय लपवलंस हा प्रश्न येणार. आणि एजे दारात उभी होती हे सांगायला विसरू नकोस. त्या शहरात तुझ्यासाठी उभं राहणारं कोणी आहे, हे तुझ्या आईला कळलं पाहिजे.

त्या फोनच्या आधी मात्र काहीतरी केलेलं असू दे. तुमच्या डीन ऑफिसला घडलेलं लेखी कळव. तारीख, वेळ, मार्शरुत्काचा क्रमांक, एवढं पुरे. प्रत दूतावासाला ईमेल कर. याने ते दोघे सापडतील असं मी म्हणणार नाही, पण चार मुलांनी चार घटना कळवल्या तर दूतावासाला वारं कुठून वाहतंय ते कळतं. पोलिसांना १०२ किंवा ११२ वर फोन करायची वेळ आली तर पत्ता नीट सांगता यावा, म्हणून दोन ओळी रशियनमध्ये पाठ करून ठेव. पासपोर्ट युनिव्हर्सिटीत किंवा एजंटकडे अडकलेला असेल तर परत माग. व्हिसाच्या कामासाठी दिला होता, काम झालं, संपलं. या बाबतीत भिडेला पडू नकोस.

'परत बोलावतील' या भीतीत तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. काही आठवडे घरी येणं आणि कॉलेज सोडणं यांत फार अंतर आहे. भारतात डॉक्टरकी करायची तर आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातलं एमबीबीएस किमान ५४ महिन्यांचं हवं, त्यावर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि हे सगळं एकाच संस्थेत. मध्येच दुसरीकडे बदली नाही. युक्रेनच्या मुलांना २०२२ मध्ये जी सवलत मिळाली ती युद्धामुळे, तिच्या भरवशावर राहू नकोस. घरी बसून ऑनलाइन वर्ग केलेस तर ते पुढे प्रत्यक्ष भरून काढावे लागतील, हेही धर. कर्ज काढलेल्या बाबांना हे नीट समजावून सांग. त्यांना कदाचित वाटत असेल की मुलगा इथे येऊन पुढचं वर्ष सुरू करेल.

म्हणून परतीच्या खुणा आत्ताच, शांतपणी ठरवा. दूतावासाने घराबाहेर पडू नका म्हटलं तर पडायचं नाही, पण तिकीटही काढायचं नाही. हॉस्टेलांवर किंवा तुमच्या वस्तीत जमाव आला, युनिव्हर्सिटीने वर्ग ऑनलाइन केले, दूतावास परतीची सोय करू लागला, की निघायचं. परत यायला व्हिसा चालेल ना, ते आधी बघून ठेव. विमानं भरली तर अल्माटी रस्त्याने चारेक तासांवर आहे आणि भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही. निघण्याआधी नियम एकदा तपास. पण शहर पेटलेलं असताना रात्री टॅक्सीने सीमेकडे निघू नका. तेव्हा बंद दाराआडच बरं.

जिन्यातल्या पावलांचं तू पत्रात अगदी ओझरतं लिहिलंयस. अंगावर आलेल्या प्रसंगानंतर असं काही दिवस होतं. तुझं महिनाभर चाललंय, तेव्हा डॉक्टरांशी बोल. तू स्वतः डॉक्टर व्हायला निघालायस, संकोच कशाला?

आणि फोनवर बाबा म्हणाले, 'उद्याचं तिकीट काढतो', तर लगेच नाही म्हणू नकोस. दोन दिवस मागून घे. त्यांना तो पत्त्यांचा कागद आणि त्या खुणा पाठव आणि त्यांची खूण तुझ्याआधीची असेल तर ती मान्य कर. कर्ज त्यांच्या नावावर आहे, तर निर्णयातही त्यांचा वाटा असू दे.