मोबाइलवर बेस ऐकू येत नाही, मग एन्टविसल कसा ऐकायचा?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, बेस गिटार शिकतोय. त्याच्या मते ‘द हू’ या इंग्लिश बँडचा जॉन एन्टविसल म्हणजे जगात एक नंबर. त्याने सांगितलेली दोन गाणी मी मोबाइलवर ऐकली, मला तरी ड्रम आणि आरडाओरडा सोडून काही कळलं नाही. मी आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकत आलोय. बेस म्हणजे मागे धुमधुम वाजतं तेच ना, मग त्यात एवढं काय? आणि आता त्याला ‘राउंडवाउंड’ तारा हव्यात, खरंच फरक पडतो की नुसता हट्ट?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, तुमचं फार चुकलेलं नाही. बहुतेक बँडमध्ये बेस धुमधुमच करतो, आणि आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये तर ज्याला गिटार धड जमत नाही त्याच्या गळ्यात बेस अडकवायचे (तो मीच, असो). पण ‘द हू’मध्ये गंमत वेगळी होती. गिटारवर पीट टाउनशेंड, तो मुख्यतः कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) बडवणार, आणि ड्रमवर कीथ मून, तो ठेका धरून बसेल तर शपथ, सगळीकडे सैरावैरा. मग मधली जी जागा मोकळी राहायची, जिथे बाकीचे बँड दुसरा गिटारवाला उभा करतात, ती एन्टविसलने बेसवर भरून काढली. म्हणजे समजा पेटीवाला नुसते सूर धरून बसलाय, तबलजी बेफाम सुटलाय आणि डग्ग्यावाल्यालाच ताना घ्यायला लागतायत, तसं काहीतरी.

१९६५चं ‘माय जनरेशन’ परत लावा. मध्ये गिटार एक तुकडा वाजवून थांबते आणि बेस उत्तर देतो, परत गिटार, परत बेस, थेट लावणीतला सवाल-जवाबच की हो! रॉकच्या रेकॉर्डवर बेसला असं एकट्याला पुढे आणणारं हे अगदी सुरुवातीचं गाणं. त्याची गोष्ट एन्टविसल स्वतः सांगायचा : हे वाजवायला त्याने बारीक तारांचा डॅनइलेक्ट्रो बेस घेतला, तार तुटली, सुटी तार बाजारात मिळेना, म्हणून अख्खा दुसरा बेस आणला, त्याचीही तुटली, आणि शेवटी फेंडर कंपनीच्या बेसवर रेकॉर्डिंग उरकलं.

आता तारांचं. नाही, हट्ट नाहीये, मुलगा मुद्द्याचं बोलतोय. त्या काळी बेसच्या तारा सहसा फ्लॅटवाउंड असायच्या, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, बोट गुळगुळीत फिरतं पण आवाज दबका येतो. राउंडवाउंडला गोल तार गुंडाळलेली असते, बोटाला खरखर लागते आणि आवाज पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणीत निघतो. एन्टविसलने १९६६च्या सुमारास रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून स्वतःला पटेल तशी तार बनवून घेतली. लोक त्याच्या वेगाचं कौतुक करतात, ते आहेच, उजव्या हाताची बोटं टाइपरायटरवर आपटावीत तशी तो तारांवर आपटायचा, पण माझ्या मते वेगापेक्षा त्याचा हा आवाज मोठा. आज रॉकमध्ये बेस करकरीत, चावरा वाजतो ना, ती वाट पाडणाऱ्यांत तो पहिल्या रांगेत.

आणि हे सगळं वाजवताना माणूस ढिम्म उभा. बाजूला टाउनशेंड उड्या मारतोय, गायक रॉजर डाल्ट्री माइक गरगर फिरवतोय, आणि हा आपला खांबासारखा, फक्त बोटं चालू. आधी इन्कम टॅक्स ऑफिसात कारकून होता म्हणे, ते पटतं! लहानपणी पियानो, ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न शिकलेला, ‘द हू’च्या रेकॉर्डवर हॉर्न ऐकू आला की तो बहुतेक हाच.

ऐकायचं कसं ते सांगतो. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकू येत नाही, म्हणून मुलाचे हेडफोन मागून घ्या आणि १९७०चा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ हा त्यांचा अल्बम लावा. त्यात बेस एका कानाकडे आणि गिटार दुसऱ्या कानाकडे ठेवलीय. गिटारचा कान काढून ठेवा, मग कळेल धुमधुम आहे की काय ते. नंतर १९७३च्या ‘क्वाड्रोफेनिया’ अल्बममधलं ‘द रिअल मी’, त्यात बेस गाण्याच्या मागे नाहीच, गायकाच्या खांद्याला खांदा लावून पळतोय. हे आपण गंमत म्हणून वाजवत होतो आणि पहिलाच टेक ठेवला असं एन्टविसल सांगायचा.

आवाजाची किंमतही त्याने मोजली, वर्षानुवर्षं कर्कश अँप्लिफायरसमोर उभं राहून शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं. मुलाला हे नक्की सांगा, हेडफोनचा आवाज किती ठेवतो बघा. २७ जून २००२ला लास व्हेगासच्या हॉटेलात तो गेला, ५७ वर्षांचा होता, दौरा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. हार्ट अटॅक, आणि त्यात कोकेनचा हात. काही दिवसांतच बेसवर पिनो पॅलाडिनोला घेऊन बँड स्टेजवर उभा राहिला.

तारा घेताना बेस लाँग स्केल आहे की शॉर्ट (म्हणजे तारेची वाजणारी लांबी मोठी की छोटी) तेवढं दुकानात नीट सांगा, नाहीतर लांबी चुकते. राउंडवाउंडने फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जरा लवकर झिजतात आणि घामाने तो खणखणीतपणा काही आठवड्यांत उतरतो, तेव्हा वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसायच्या, खालच्या बाजूनेसुद्धा.