१९३५ मध्ये राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) निर्बंध घालूनही इटलीत मुसोलिनीची लोकप्रियता का वाढली?

कारण निर्बंध अर्धवट होते आणि मुसोलिनीने त्यांचंच भांडवल केलं. इटलीने इथिओपियावर केलेल्या हल्ल्यानंतर १८ नोव्हेंबर १९३५ ला ते लागू झाले, पण तेल वगळलं आणि इटलीचं सैन्य जिथून जायचं तो सुएझ कालवाही खुलाच ठेवला. म्हणजे युद्ध थांबेल असं काहीच नाही. 'जग आपल्यावर उठलंय' एवढा प्रचार मात्र फुकटात मिळाला. बरोबर महिन्याने रोममध्ये राणी एलेनाने स्वतःची लग्नाची सोन्याची अंगठी देशाला दिली, मग लाखो बायकांनी. बदल्यात पोलादी अंगठी! इटालियनमध्ये 'फेदे' म्हणजे श्रद्धाही आणि लग्नाची अंगठीही, त्यामुळे घोषणा आयतीच तयार. अर्थात सगळ्यांनी खुशीने दिली असं नाही. पक्षाचा दबाव होता, काहींनी स्वस्तातली अंगठी विकत आणून तीच टेकवली.