नाताळच्या जेवणाला घरी कोणतं संगीत लावावं?

वीस पाहुणे, २५ तारखेचं दुपारचं जेवण, आणि ‘वातावरण होईल अशी गाण्यांची यादी द्या’ असं तुम्ही विचारलंय. यादीचं बघू. आधी मला सांगा, तुमच्या घरात स्पीकर कुणाच्या ताब्यात असणार आहे? आमच्याकडे सगळा घोळ तिथेच झाला.

आम्ही वसईचे. रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मग पहाटेपर्यंत गप्पा, आणि दुपारी सगळं खानदान आमच्या हॉलमध्ये. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मंडप आणि साऊंडच्या धंद्यात आहेत. एका नाताळला ते टेम्पोतून १५ इंची दोन स्पीकर घेऊन आले. बारा बाय अठराचा हॉल, बावीस माणसं, आणि लग्नाच्या मैदानावर लावायचा माल! बाबा म्हणाले, ‘एवढं कशाला?’ भावोजी म्हणाले, ‘असू द्या हो बाबा, सण आहे.’ घरच्या जावयाला नाही कोण म्हणणार? मी तर त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान.

फादर आशीर्वाद द्यायला आले होते. त्यांनी हात जोडले, आम्ही डोळे मिटले, आणि भावोजींच्या मोबाइलमधल्या फुकटच्या ॲपने कर्जाची जाहिरात सुरू केली. ‘दहा मिनिटांत मंजुरी!’ फादर हसले. बाबा हसले नाहीत.

पुढे जेवण सुरू झालं. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचा रस्सा, फिरतंय, खायच्या तळलेल्या फुग्यांची परडी फिरतेय, आणि माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतायत. आत्याने भाचीला विचारलं, ‘लग्नाचं काय झालं?’ भाचीने लोणच्याची बरणी पुढे सरकवली. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरची, कानात यंत्र. ते यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, गाणंही आणि ताटांचा खणखणाटही. तिने ते हळूच काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. दरवर्षी संध्याकाळपर्यंत बसून रहाटाच्या आणि केळीच्या बागांच्या गोष्टी सांगणारी बाई, अडीच वाजता ‘रिक्षा बोलवा रे’ म्हणाली.

त्यातच हँडेल या जुन्या संगीतकाराचं ‘हालेलुया’ हे समूहगीत लागलं. बाबा चर्चच्या गायकवृंदात चाळीस वर्षं खालचा स्वर गायलेले. ते लागलं की उभं राहायचं, ही सवय हाडात मुरलेली. ते ताट हातात घेऊन उभे राहिले. त्यांना बघून काका उभे राहिले, काकांना बघून अर्धी पंगत. वहिनीच्या नव्या साडीवर रस्सा सांडला तो तेव्हा. आणि ते गाणं नाताळचं तरी आहे का? हँडेलच्या ज्या ‘मसाया’ या मोठ्या संगीतरचनेतलं ते आहे तिचा पहिला प्रयोग डब्लिनला झाला तो १७४२ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आधी. आणि हा भाग येतो दुसऱ्या खंडाच्या शेवटी, म्हणजे येशूच्या जन्माची कथा केव्हाच मागे पडलेली असते. भावोजींचं म्हणणं, ‘नाताळच्या यादीत होतं, मी काय करू?’

त्यांचा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो ते अजून सोडत नाहीत: ‘ऐकूच येणार नसेल तर लावायचं कशाला?’ याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, ते इथे देतो. (ताई प्रत्येक गोष्ट त्यांना पाठवते, हेही पाठवेल.) भावोजी, एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच दाखवून दिलंय की आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. मग तुम्हाला गाणं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता, मग आम्ही आणखी ओरडतो. यात जिंकणार १५ इंचीच. अमेरिकेत मिलिमन नावाच्या संशोधकाने १९८६ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये मोजून पाहिलं: संथ संगीत असताना लोक सरासरी ५६ मिनिटं टेबलावर बसले, जलद असताना ४५. पाहुण्यांना लवकर घालवायचं असेल तर तुमची यादी उत्तम आहे.

तर मूळ प्रश्न. शब्द नसलेलं लावा, पियानो किंवा गिटार, संथ. स्पीकर जेवणाच्या टेबलावर नको, कोपऱ्यात ठेवा. जाहिराती येणारं ॲप नको, गाणी आधी उतरवून घ्या. ‘सायलेंट नाइट’ जेवताना नको. १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोन माणसांनी एका गिटारवर पहिल्यांदा गायलेलं ते गाणं आहे, हाड चोखत ऐकायचं नाही. ‘लास्ट ख्रिसमस’ म्हणजे शुद्ध प्रेमभंग आहे, गेल्या वर्षी कुणाचं मोडलंय ते आधी बघा. ‘जिंगल बेल्स’मध्ये ख्रिसमसचा उल्लेखही नाही, पण पोरं असतील तर ते चुकणार नाही, सोडून द्या.

शब्द नकोत म्हटलं खरं, पण आमच्याकडे जिम रीव्हज हा अमेरिकन गायक चालतो. त्याची नाताळची रेकॉर्ड १९६३ ची, आमच्या पिढीला पाठ, त्यामुळे ती कुणी ऐकतच नाही. गोव्याचे पाहुणे असतील तर मांडो, म्हणजे त्यांचं संथ कोकणी गाणं, मशीनवर लावू नका. ताटं उचलल्यावर कुणी म्हणत असेल तर म्हणू द्या, मागोमाग जलद चालीचं दुलपद येईल आणि माणसं आपोआप उठून नाचतील. आणि हो, तुमचे पाहुणे सगळे पंचविशीतले असतील तर वरचं सगळं विसरा, भावोजींना फोन करा. माणूस कामाला चोख आहे, भाडंही वाजवी घेतो.

दुसऱ्या वर्षी मी तळहाताएवढा स्पीकर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या मागे, पेंढ्यात लपवून ठेवला. भावोजी जेवायला बसले, कान टवकारले, ‘काही लावलंय का?’

‘लावलंय.’

‘मला तर ऐकू येत नाही.’

समोरून आत्याने, यंत्र कानात ठेवून, स्पष्ट विचारलं, ‘काय गं, लग्नाचं काय झालं?’ भाचीने या खेपेलाही लोणच्याची बरणीच पुढे केली.