सांध्याची पावडर घेण्याआधी

तुमचा लॅब्रेडोर नऊ वर्षांचा, वजन ३८ किलो, पाऊस लागल्यापासून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना मागचे पाय ओढतो, आणि ऑनलाइन दिसणाऱ्या सतराशे साठ जॉइंट सप्लिमेंटांतलं भरवशाचं कोणतं, असं विचारलंत. नाव सांगून मोकळा होईन, पण हे दुखणं संधिवाताचंच आहे असं कुणी तपासून सांगितलंय का? आपल्याकडे गोचीड बारमाही. गोचीडतापात सांधे सुजतात आणि चांगला धडधाकट कुत्राही म्हाताऱ्यासारखा चालायला लागतो. हा ताप रक्ततपासणीत सापडतो आणि औषधाने आटोक्यात येतो, पावडरीने नाही. गुडघ्याचं लिगामेंट फाटणंही या जातीत नेहमीचं. तेव्हा आधी डॉक्टर, रक्त, लागला तर एक्स-रे. आणि घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अर्धी गोळीसुद्धा देऊ नका.

संधिवातच निघाला तर पुढचं बोलू.

बहुतेक डब्यांवर मोठ्या अक्षरात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन असतं. ग्लुकोसामाइन बहुतेकदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जे कचऱ्यात जातं त्यातून. त्याने अपाय सहसा होत नाही, पण २०२२ साली माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरचे जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ओमेगा-३ चा उपयोग दिसला, या जोडगोळीचा नाही. मी स्वतः पैसे घालायचे तर ओमेगा-३ असलेल्या फिश ऑइलमध्ये घालेन.

तिथेही पाठची बाजू वाचायची. पुढे ‘१००० मिग्रॅ’ लिहिलेलं असतं, ते नुसतं तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० (ही दोन ओमेगा-३) असेल, तर कामाचं ३०० मिग्रॅच. डॉक्टरांना हा आकडा सांगून डोस ठरवून घ्या. कॉड लिव्हर ऑइल मात्र वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं आणि ते जास्त झालं तर बाधतं. बाटली उघडल्यावर खवट वास आला तर सरळ परत करा. आपल्या दमट हवेत ती फ्रिजमध्येच ठेवा.

गोळ्या-पावडरीच घ्यायच्या असतील, तर प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम ते वेगवेगळं लिहिलेलं हवं. ‘खास मिश्रण ७५० मिग्रॅ’ एवढंच असेल तर डबा खाली ठेवा. बॅच नंबर, मुदत आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवा. अमेरिकन माल असेल तर एनएएससीचा, म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या सप्लिमेंट बनवणाऱ्यांच्या संघटनेचा, शिक्का बघा. त्याचा अर्थ कंपनीची तपासणी होते एवढाच, औषध लागू पडेल असा नाही. ‘संधिवात मुळापासून बरा’ लिहिणाऱ्याला तर दारातही उभं करू नये. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला विषच. आणि हिशोब करा: १० किलोमागे एक गोळी म्हणजे तुमच्या गड्याला रोज चार, ६० गोळ्यांचा डबा पंधरवड्यात संपला.

आता वजन. ३८ किलो बहुतेक जास्तच आहे, फासळ्या हाताला लागतात का बघा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्रेडोरच्या अभ्यासात, पाव हिस्सा कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला. जेवणावळीतला उरलेला भात आणि चहाबरोबरची बिस्किटं आधी बंद करा. तारली उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय दिलीत तर चालेल, पण तेवढा भात कमी करून. कालवणातली नको, त्यात कांदा-लसूण असतो. घरात गुळगुळीत लादी असेल तर त्याच्या वाटेवर जुनी सतरंजी घाला. सारवलेल्या पडवीत तो आपसूक बरा चालतो, तुम्हीही पाहिलं असेल.

काहीही सुरू कराल त्या दिवशी पाखाडी चढतानाचा व्हिडिओ काढा, आणि सहा-आठ आठवड्यांनी त्याच वेळी पुन्हा एक. पैसे खर्च केले की आपल्याला फरक दिसायलाच लागतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर पावडरीच्या नादात ती परस्पर सोडू नका.

रक्ताचा रिपोर्ट आला की डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, मग कोणता घ्यायचा ते बघू.