मुख्याध्यापकांना एकसारख्या चाचण्यांचा राग का येतो?

तुम्ही विचारलंय, राज्यभर एकच प्रश्नपत्रिका लावली की मुख्याध्यापक कुरकुरतात ते शाळेचं पितळ उघडं पडतं म्हणून का? मी नागपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवरच नोकरी केली, म्हणून सांगतो. थोडी ती भीतीही असते, नाकारत नाही.

माझी शेवटची शाळा शहराला लागून, कारखान्यांच्या बाजूची. पहिली ते पाचवी, पट ५४. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे मी आणि एक मॅडम. वेगळा मुख्याध्यापक १५० च्या वर पट असेल तरच, त्यामुळे मी कागदावर प्रभारी. संकलित चाचणीच्या, म्हणजे त्या राज्यभर एकच असलेल्या पेपरच्या दिवशी तिसरी, चौथी, पाचवी एकाच वेळी. लेखी झाली की तोंडी, तीही एकेकाची. मी एका पोट्ट्याकडून उतारा वाचून घेऊन राहिलोय आणि मागं पहिली-दुसरीची पोरं खिचडीच्या ताटल्या वाजवतायत. त्यातच फोन, मतदार यादीचं काम कुठवर आलं?

निम्म्या मुलांचे आईबाप छत्तीसगडहून कामाला आलेले. एका पोरीला ‘ओंजळ’ अडलं. पेपर संपल्यावर मी हातानं करून दाखवली तर लगेच हसली. ते तिला येत होतं, फक्त मराठीत येत नव्हतं.

पुढं बैठकीत आमची टक्केवारी आणि वर्गागणिक बाई असलेल्या शाळेची टक्केवारी एकाच तक्त्यात, खालीवर. शिक्षक किती, हा रकानाच नाही. राग त्याचा आहे, बाप्पा.

शिष्यवृत्ती परीक्षेचं आणखी वेगळं. ती ३०० गुणांची, पण ऐच्छिक. निवडक पोरं बसवायची आणि ‘निकाल १०० टक्के’ असा फ्लेक्स लावायचा, हे शहरात आणि खेड्यात सारखंच चालतं. एका वर्षी मीही चारच बसवली होती. तेव्हा हुशारी वाटली, आता लाज वाटते.

पण चाचणीच बंद करा, असं मी म्हणणार नाही. चौथीतल्या अकरांपैकी सात जणांना हातच्याची वजाबाकी येत नाही, हे मला त्या पेपरांतूनच कळलं. रोजच्या धावपळीत आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. त्या सातांची यादी घेऊन मी आणखी एक शिक्षक मागायला गेलो, तर हातात उपचारात्मक अध्यापनाची, म्हणजे मागं पडलेल्या पोरांना वेगळं शिकवल्याची, नोंदवही ठेवली. रोज भरायची.