नवीन लॉन मोवरमधून ऑइल गळतंय; वॉरंटीत देण्याआधी घरी काय बघू?

पेट्रोलवरचा फोर-स्ट्रोक मोवर, घेऊन महिनाही झाला नाही आणि उभा केला की फरशीवर डाग, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय सीलवर (ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) नाही, ऑइलच्या मापावर आहे. या इंजिनात साधारण अर्धा लिटर बसतं आणि डबा मिळतो एक लिटरचा. तो अख्खा ओतला जातो. मग जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये येतं आणि तिथून ठिबकतं.

इंजिन गार असताना, सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइल मापायची काडी) पुसून लेव्हल बघा. काही डिपस्टिक आटे फिरवून पूर्ण घट्ट करून मापायच्या असतात, काही नुसत्या टेकवून. घट्ट करायची नुसती टेकवली, तर लेव्हल कमी दिसते आणि माणूस आणखी भरतो. तुमची कुठली ते मॅन्युअलमध्ये असतं. जास्त असेल तर सिरिंजला नळी लावून ओढून घ्या. काडीचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि लेव्हल आपोआप वाढत असेल, तर कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोलची छोटी झडप) पेट्रोल अडवत नाहीये आणि ते ऑइलमध्ये उतरतंय. मशीन अजिबात चालू करू नका, तसंच सर्व्हिसला द्या.

ब्लेड साफ करताना मोवर कुठल्या बाजूला कलता केला होता? एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर कायम वरच्या बाजूला हवेत. उलटा कलला तर फिल्टर भिजतो आणि चालू करताच धूर निघतो. हा बिघाड नव्हे.

लेव्हल बरोबर असूनही गळतंय, तर जागा शोधा. इंजिन बाहेरून पुसून कोरडं करा, एअर फिल्टर सोडून बाकी सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा मिनिटं चालवा. बंद करून गार होऊ द्या, स्पार्क प्लगची कॅप काढा, मगच कलतं करा. पावडर सर्वात वर जिथे भिजली तिथेच गळती. खालचे ओघळ फसवतात. ड्रेन बोल्टपाशी ओल असेल तर बोल्ट सैल आहे किंवा वॉशर खराब आहे. इंजिनाच्या जोडावर असेल तर गॅस्केट (जोडातली पातळ पट्टी). ब्लेडच्या बोल्टभोवती ओलं कडं आणि डेकच्या (ब्लेडवरच्या कवचाच्या) आत चिकट गवताचे फराटे दिसले, तर खालचं ऑइल सील. तिथे शाफ्टवर (ब्लेड फिरवणाऱ्या दांड्यावर) मांजा किंवा नायलॉनची दोरी गुंडाळली गेलीय का, नीट बघा. ती सील कापते. ब्लेड दगडावर आपटून शाफ्ट वाकला असेल तरी सील जातं. या दोन्ही गोष्टी वॉरंटीत सहसा धरत नाहीत, म्हणून दोरी दिसली तर काढण्याआधी फोटो घ्या.

गॅस्केट किंवा सील असेल तर स्वतः काहीही उघडू नका, सिलिकॉन तर मुळीच लावू नका. इंजिन खोललं असा अर्थ काढला जातो. लेव्हल, भिजलेली पावडर आणि सीरियल नंबर यांचे फोटो बिलासोबत ठेवा. लेव्हल खालच्या खुणेखाली गेली की गवत कापणं थांबवा, नाहीतर पिस्टन धरेल (जाम होईल) आणि दोष तुमच्या माथी येईल. नेताना मोवर गाडीत उभाच ठेवा. आडवा टाकला तर पोचेपर्यंत सगळं माखलेलं असेल आणि मूळ जागा मेकॅनिकलाही सापडणार नाही.