पोरगा म्हणतो एसएसडी, दुकानदार म्हणतो नवा घ्या

प्रश्न : मी पारोळा तालुक्यात शेती करतो. २०१९ मध्ये थोरल्यासाठी गेमिंगचा लॅपटॉप घेतला होता. आता तो धाकट्याकडे आहे, तो जळगावला इंजिनिअरिंग शिकतो. बिलावर असं लिहिलंय : इंटेल आय-५ ८३००एच, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय, १ टीबी हार्ड डिस्क. चालू केला की पाच-सात मिनिटं नुसता गोल फिरतो. पोरगा म्हणतो, चिपांची नवी डिस्क, एसएसडी, टाकली की उडेल. दुकानदार म्हणाले, जुना झाला, यात पैसे घालू नका, नवा घ्या. कापसाचे पैसे आत्ताच हातात आलेत, म्हणून विचारतो. खरं कोण बोलतंय?
— एक शेतकरी, पारोळा तालुका

उत्तर : दादा, पोरगा बारा आणे खरं बोलतोय. उरलेले चार आणे त्याने तुम्हाला सांगितलेले नाहीत, ते मी पुढे सांगतो. तेवढ्यावरून त्याला रागवू नका.

पैसे काढण्याआधी खात्री करा. लॅपटॉप चालू करून पडदा दिसला की पोराला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायला सांगा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल आणि त्याच वेळी सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर दुखणं डिस्कचंच. डिस्क शंभर टक्के राबतेय आणि हातात सेकंदाला एक-दीड एमबी पडतंय, हे दृश्य मी रोज बघतो.

माझं दुकान धुळ्यात आहे. इथे जुन्या गावात गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. सायकलवरच्या पोस्टमनला एकाच घरी मोठा गठ्ठा टाकायचा असेल तर काम पाच मिनिटांचं. पण दोन हजार पोस्टकार्डं, एक गल्ली नंबर दोनमध्ये, पुढचं सहामध्ये, त्यानंतरचं परत दोनमध्ये, असं असेल तर बिचाऱ्याची संध्याकाळ होईल. तुमच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी असेल, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद. आधी वाचणारं हेड सरकणार, मग हवा तो तुकडा फिरत त्याच्याखाली येईस्तोवर थांबणार. असे सुटे तुकडे सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत आणि विंडोज सुरू होताना हजारो मागते. एसएसडीत फिरणारं काही नाही, नुसत्या चिपा. कुठल्याही गल्लीत जायला तिला सारखाच वेळ लागतो, आणि ती सेकंदाला हजारोंनी पत्रं टाकते. पाच-सात मिनिटांचं काम वीस-पंचवीस सेकंदांवर येतं ते याच्यामुळे.

आता दुकानदाराचं म्हणणं. प्रोसेसर सातव्या पिढीचा असता तर मीही थोडा थबकलो असतो. विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर जवळपास आठव्या पिढीपासूनच सुरू होतात. तुमचा ८३००एच आठव्या पिढीचा आहे, काठावर का होईना पण पास. अभ्यासाला तो अजून तीन-चार वर्षं सहज पुरेल. नव्या गेमिंग लॅपटॉपच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर हे काम होतं. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलल्यामुळे भाव चढलेत, म्हणून दोन दुकानांत विचारून घ्या.

काय घ्यायचं, इथेच जास्त पैसे वाया जातात. तुमच्या लॅपटॉपात अडीच इंची हार्ड डिस्कची जागा तर आहेच. त्या काळातल्या गेमिंग लॅपटॉपांत बहुधा एम डॉट टूची एक खाचही रिकामी असते, च्युइंगगमच्या पट्टीएवढी चिप बसते ती. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, म्हणून तिला २२८० म्हणतात. भानगड अशी की दिसायला सारख्या या पट्ट्या दोन जातींच्या : साटा (जुनी, हळू) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान). काही खाचा एकच जात ओळखतात, काही दोन्ही. दोंडाईच्याचा एक मुलगा ऑनलाइन एनव्हीएमई मागवून स्वतःच बसवून आला होता. बसली होती अगदी झोकात, स्क्रूसुद्धा नीट आवळलेला, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, नावच नाही. डिस्क खराब निघाली म्हणून तो परत पाठवायला निघाला होता. डिस्क चांगलीच होती, ती खाच फक्त साटाची होती. तेव्हा लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खाच कोणत्या जातीची ते बघूनच पैसे द्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका, माझ्याही नाही.

खाच एनव्हीएमईची निघाली तर साधी जेन थ्री, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या वेगाची, घ्या. सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास वाचते. जेन फोरच्या खोक्यावर ७००० छापलेलं असतं, पण आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या खाचेत तीही जेन थ्रीच्याच चालीने चालणार. ट्रॅक्टरला शर्यतीचे टायर लावल्यासारखं आहे ते. खाच साटाची निघाली किंवा नसलीच, तर अडीच इंची साटा एसएसडी, सेकंदाला ५५० एमबी. आकड्यांत सहापट फरक दिसतो, पण रोजच्या वापरात हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जो फरक जाणवतो, तेवढा साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर अजिबात जाणवत नाही. माझ्या बायकोच्या लॅपटॉपात अजून साटाच आहे.

माप ५०० जीबी. २५६ मध्ये विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअरं टाकली की दिवाळीपर्यंत लाल पट्टी दिसायला लागते. आणि इथेच ते चार आणे. पोराला विचारा, जीटीए फाइव्ह या गेमची २०२५ ची एनहान्स्ड आवृत्ती टाकायची आहे का. तिला १०५ जीबी जागा लागते आणि तीही एसएसडीवरच, असं कंपनीनेच लिहिलंय. आणि बाळा, बाबांनी हे तुला वाचायला दिलं असेल तर ऐकून ठेव : एसएसडीने गेम लवकर उघडतो, नव्या भागात शिरताना बसणारा झटका कमी होतो, पण एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढत नाही. ते तुझं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड ठरवणार. त्या ८ जीबी रॅममध्ये आणखी ८ ची डीडीआर-फोर २६६६ पट्टी पडली तर बरं, पण बाबांच्या खिशाकडे बघून दुसऱ्या हप्त्यात माग.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं. आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे कॉपी. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर स्वतःच्याच घराला कुलूप. खालचं झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची. स्क्रूंसाठी माझी युक्ती : मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा चौकोन काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचायचा. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर झाकणातून किंवा बोर्डातून बाहेर येतो. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची, मग खाली दाबून एक बारीक स्क्रू. तो मोहरीएवढा स्क्रू नव्या एसएसडीच्या खोक्यात बऱ्याचदा नसतोच, दुकानातून मागून घ्या.

उघडलाच आहे तर पंखा बघा. कापूसवाल्यांच्या आणि जिनिंगवाल्यांच्या लॅपटॉपांत मला एक खास माल सापडतो : पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीच्या मध्ये रुईची राखाडी गादी, बोटभर जाड, चिमट्याने उचलली की अख्खी निघते. धरणगावच्या एका लॅपटॉपातून निघालेली मी काचेच्या बरणीत ठेवलीय, गिऱ्हाइकांना दाखवायला. ही गादी असेल तर मेमध्ये पत्र्याखाली एसएसडी काय, काहीही टाका, मशीन तापून स्वतःच मंद होणार. साफसफाई आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट त्याच मजुरीत ठरवा.

विंडोज मात्र कोरी टाका. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, सोपी वाटते, पण सहा-सात वर्षांचा कचराही नव्या घरात येतो. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचं लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. इंटरनेट लागलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. कोणी लायसन्सचे वेगळे पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह पुरतो.

आणि विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा. हे मी माझं नाक कापून घेऊन शिकलो. साक्रीकडचे एक गुरुजी आले होते. मी एसएसडी बसवली, जुनी डिस्क आतच राहू दिली, विंडोज टाकली. लॅपटॉप पळायला लागला, गुरुजी खूश. आठ महिन्यांनी त्यांनी जुनी डिस्क काढून मुलीला दिली आणि पडद्यावर अक्षरं आली : बूट करायला डिव्हाइस नाही. झालं असं, की विंडोज एसएसडीवर गेली, पण ती सुरू करणाऱ्या फायलींचं छोटं पार्टिशन, म्हणजे कप्पा, जुन्या डिस्कवर आधीपासून होतं, इन्स्टॉलरने तेच वापरलं. गुरुजी एसटीने धुळ्याला आले, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नवी गाडी दिनी तू माले, पन चावी जुनी गाडीमाच राही गई ना भो!" पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. तेव्हापासून माझ्या टेबलावर जुनी डिस्क आधी बाहेर येते. विंडोज लागली, दोनदा बंद-चालू करून पाहिली, की मग ती परत आत. पिक्चर, फोटो, बॅकअप तिच्यावर ठेवा.

प्रश्न : मी शहाद्याला बारावीत आहे. मामांनी ५०० जीबीची एसएसडी घेऊन दिली. लॅपटॉपमध्ये ४६५ जीबीच दिसते. मामांना फसवलं का?
— एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : नाही गं, मामांशी भांडू नकोस. कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. कंपनीचे ५०० अब्ज बाइट विंडोजच्या मापाने ४६५ जीबी भरतात. तुझ्या आजोबांना विचार, धान्याची खंडी वीस मणांची, पण रुईच्या बाजारात खंडी म्हणजे ३५६ किलो. शब्द एक, मापं दोन.

फसवणूक दिसते ती वेगळीकडे. दोन टीबीची एसएसडी हॉटेलातल्या जेवणाच्या भावात मिळत असेल तर आत बहुधा एखादं छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. ते लॅपटॉपला दोन टीबी असल्याचं खोटंच सांगतं आणि खरी जागा भरली की पुढच्या फायली गिळतं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर अख्खी डिस्क भरून परत वाचून बघतं. रिकाम्या नव्या डिस्कवर रात्रभर ते चालवून ठेव. आणि क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये चालू राहिल्याचे तास बघ. नवी म्हणून दिलेली आणि तास हजारांत, तर मामांना खुशाल दुकानात पाठव.

प्रश्न : एसएसडीवर लिहून लिहून ती झिजते असं ऐकलं. रिटायर झालो, नातवासोबत थोडे गेम खेळतो. दर महिन्याला डीफ्रॅग करायची सवय आहे, ती चालू ठेवू का?
— एक निवृत्त वाचक, चाळीसगाव

उत्तर : काका, डीफ्रॅग बंद करा. ती सायकलवाल्या पोस्टमनसाठी होती, पत्रं गल्लीवार लावायला. एसएसडीला त्याचा फायदा शून्य, वर फुकटचं लिखाण. विंडोज एसएसडी ओळखून आपणहून ट्रिम नावाचं काम करते, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवते, ते चालू राहू द्या.

झीज खरी आहे, पण हिशोब बघा. सॅमसंगच्या ८७० इव्हो ५०० जीबीची हमी ३०० टीबी लिखाणाची आहे. तुम्ही आणि नातू मिळून रोज ३० जीबी लिहिलंत, जे तुमच्याने व्हायचं नाही, तरी १०,००० दिवस लागतील, म्हणजे सत्तावीस वर्षं. गेम टाकताना एकदा लिखाण होतं, खेळताना बहुतेक वाचन. डिस्क काठोकाठ भरू नका, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा.

मला तुमच्या बॅटरीची जास्त काळजी वाटते. लिहिलं नाहीत, पण जुना लॅपटॉप असेल तर ती मेलेली असणार आणि तुम्ही थेट वायरवर चालवत असाल. लिहिणं चालू असताना लाईट गेली की एसएसडीवरच्याही फायली बिघडतात. नवी बॅटरी नको असेल तर निदान छोटा यूपीएस लावा, आणि लॅपटॉपचं खालचं झाकण किंवा टचपॅड फुगलेलं दिसत असेल तर आजच बंद करून बॅटरी काढून घ्या.